लाकूड केवढं बसेल? घरच्या कोरीवकाम यंत्राची मापं काढायची कशी

माझ्या यंत्राचं, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणाऱ्या छोट्या सीएनसीचं, नाव ३०१८. म्हणून पहिल्याच दिवशी मी बरोब्बर ३०० बाय १८० मिलिमीटरची फळी कापून, घासून, गुण्यात आणून तयार ठेवली. फळी बेडवर (लाकूड ठेवायच्या सपाट भागावर) अगदी फिट बसली. इतकी फिट, की क्लॅम्प लावायला जागाच उरली नाही. मग दुहेरी चिकटपट्टीवर फळी बसवून काम सुरू केलं. डावा काठ सुरेख उमटला. उजव्या काठाला पोचायच्या आतच स्पिंडल (कोरायचं पातं फिरवणारा भाग) यंत्राच्या खांबाला टेकलं, ते सरकवणारी मोटर जागच्या जागी घरघरली आणि त्यानंतरची सगळी नक्षी पाच मिलिमीटर बाजूला सरकून कोरली गेली. ती फळी मी टाकलेली नाही. तिच्यावर बिटं, म्हणजे कोरायची पाती, मांडून ठेवतो.

नवीन माणूस यंत्र घेतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न हाच असतो, की यात केवढं लाकूड चालतं? माहितीपत्रकातले तीन आकडे वाचून तो समाधानी होतो आणि माझ्यासारखी फळी कापून बसतो. थोडं काम केल्यावर लक्षात येतं की आडव्या दिशेत मर्यादा नक्षीला असते, लाकूड त्याहून मोठं चालतं. उंचीत मात्र मर्यादा थेट लाकडालाच असते आणि ती पत्रकात लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी निघते. दोन्ही मर्यादा स्वतः मोजून काढायच्या असतात. तासाभराचं काम आहे, एकदाच करायचं.

नावातला आकडा कशाचा

३०१८ म्हणजे ३० बाय १८ सेंटिमीटर. १६१० म्हणजे १६ बाय १०, २४१८ म्हणजे २४ बाय १८, ६०४० म्हणजे ६० बाय ४०. हे आकडे बहुधा प्रवासाचे असतात, म्हणजे बिटाचा मध्य या टोकापासून त्या टोकापर्यंत किती सरकतो त्याचे. पण सगळ्यांच्या नावाचा अर्थ तसा नसतो. एक्स-कार्व्हच्या १००० मिमीच्या यंत्रात १००० ही रुळांची लांबी होती, कोरायची जागा साधारण ७५० बाय ७५०. शिवाय बेडचं माप हे तिसरंच. कुठे बेड प्रवासापेक्षा मोठा असतो, कुठे जेमतेम तेवढाच. तेव्हा रुळाची लांबी, बेड आणि प्रवास या तिन्हींतलं आपल्या हातात नक्की काय आलंय ते आधी ओळखा. आपल्याला हवा तो प्रवास.

तिसरा आकडा, उंचीचा, नावात बहुतेक वेळा नसतोच. ३०१८ प्रकारच्या यंत्रांत तो ४५ मिमीच्या आसपास असतो. हा ४५ म्हणजे ‘४५ मिमी जाडीचं लाकूड चालेल’ असं नव्हे. त्याचा हिशोब पुढे सविस्तर येतोच.

प्रवास मोजणं

बेडवर कागद चिकटवा. कोलेटमध्ये (स्पिंडलच्या बिट धरणाऱ्या चिमट्यात) टोकदार व्ही-बिट, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’सारखं निमुळतं बिट, बसवा आणि स्पिंडल बंदच ठेवा. आता यंत्र हळूहळू एका कोपऱ्याकडे सरकवा. शेवटचे दहा-पंधरा मिलिमीटर एकेक मिलिमीटरच्या टप्प्याने जायचं. कुठे काही टेकतंय असं वाटलं की थांबा, दोन मिलिमीटर मागे या, बिट खाली आणून कागदावर टोचा घ्या. असे चारही कोपरे. मग कागद काढून पट्टीने मोजा.

दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे आले तर यंत्राची जोडणी काटकोनात आहे. ३०० बाय १८० ला कर्ण ३५० मिमी येतो. दोन कर्णांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर आधी चौकट सैल करून सरळ करा, नाहीतर चौकोनी पाटी कोरायला घ्याल आणि ती पतंगासारखी निघेल.

हे मोजताना यंत्र कामाच्या वेळी असतं तसंच सजलेलं हवं. भुसा ओढायचं नळकांडं आणि त्याचा ब्रश लावलेला असेल तर तो खांबाला आधी टेकतो. वायर आखूड असेल तर ती ताणली जाते. लिमिट स्विच (प्रवासाच्या टोकाला यंत्र थांबवणारे) असतील तर यंत्र स्विचपासून थोडं आत थांबतं. माझ्या ३०० बाय १८० मधून या सगळ्यांचा वाटा गेल्यावर उरले २९० बाय १७०. पुढचे हिशोब मी याच आकड्यांवर करतो, तुम्ही तुमचे घाला.

आडवं माप: नक्षीला किती जागा उरते

बिटाला जाडी असते, आणि यंत्र मोजतं ते बिटाच्या मध्याला. त्यामुळे आत कोरायचं आहे की बाहेरून कापून काढायचं आहे, यावर उत्तर बदलतं.

फळीच्या मधोमध खोलगट ताट कोरायचं असेल तर बिटाचा मध्य ताटाच्या कडेच्या आतून फिरतो, त्यामुळे जागा प्रवासापेक्षा बिटाच्या व्यासाइतकी जास्तच मिळते. पण तेच ताट बाहेरच्या रेषेवरून कापून सुटं करायचं असेल तर बिटाचा मध्य रेषेच्या बाहेरून, अर्ध्या व्यासाच्या अंतरावरून फिरतो. ६ मिमीच्या बिटाने १७० मिमी रुंद वस्तू सुटी करायला १७६ मिमी प्रवास लागतो. माझ्याकडे १७० च आहे, म्हणजे वस्तू फार तर १६४ ची. ३.१७५ मिमीचं बिट लावलं तर १६६.८.

त्यातून चारही बाजूंनी पाच-पाच मिलिमीटर मी सोडून देतो. फळी बसवताना ती कधीच बरोब्बर शून्यावर, म्हणजे यंत्र जिथून मोजायला सुरुवात करतं त्या जागी, बसत नाही, तो फरक खपवायला ही जागा लागते. असं करत माझं ३०१८ शेवटी २७५ बाय १५५ ची वस्तू सुटी करून देतं. हा आकडा मी मार्करने यंत्राच्या चौकटीवर लिहून ठेवलाय.

आता क्लॅम्प. साधा क्लॅम्प फळीच्या कडेवर १५ ते २५ मिमी जागा खातो, आणि बिट त्याच्याशी भिडलं तर बिटच तुटतं. यावरचा साधा उपाय म्हणजे फळी नक्षीपेक्षा मोठी घेणं. २७५ बाय १५५ च्या नक्षीला फळी ३२० बाय २०० ची घेतली तरी हरकत नाही. ती दोन खांबांच्या मधून मोकळी जाते ना, एवढंच पाहायचं. क्लॅम्प त्या जादा लाकडावर बसतात आणि शेवटी ते लाकूड कापून जातं. ‘फळी यंत्राच्या मापाची हवी’ ही समजूत माझीही होती, आणि माझ्या पहिल्या फळीची वाट तिनेच लावली.

फळी मोठी घेणं परवडत नसेल, लाकूड चांगलं असेल, तर वरून दाबणारे क्लॅम्प सोडून बाजूने धरा. एका बाजूला पक्की पट्टी, दुसऱ्या बाजूला समोरासमोर सरकणाऱ्या दोन लाकडी पाचरी. पाचरी फळीच्या जाडीपेक्षा बुटक्या असल्या की बिटाचा मार्ग पूर्ण मोकळा. टाकाऊ भागातून सरळ स्क्रू मारणं हा त्याहून सोपा मार्ग. फक्त स्क्रूची जागा डिझाइनमध्येही खूण करून ठेवा, कारण बिटाला स्क्रू दिसत नाही.

उंची: नव्याने सुरू करणारा अडतो तो इथे

बेडवर एक टाकाऊ फळी कायमची लावलेली असते, तिला स्पॉइलबोर्ड म्हणतात. आरपार कापताना बिट बेडच्या धातूत न घुसता तिच्यात घुसावं म्हणून ती असते. माझी १२ मिमीची आहे. तिच्यावर लाकूड, त्याच्यावर बिटाला मोकळं फिरायला थोडी हवा, त्याच्यावर बिटाचं टोक, आणि मग बाहेर डोकावणारी बिटाची लांबी. इतकं सगळं बेड आणि कोलेटच्या नटाच्या मधल्या अंतरात मावायचं असतं.

तीन मापं घ्या. पहिलं, स्पिंडल सगळ्यात वर असताना बेडपासून कोलेटच्या नटापर्यंतचं अंतर. दुसरं, स्पिंडल सगळ्यात खाली असताना तेच अंतर. तिसरं, नटाबाहेर बिट किती येतं ते. ३.१७५ मिमी दांड्याची बिटं बहुतेक ३८ मिमी लांब असतात. त्यातले १४ मिमी कोलेटमध्ये धरले तर बाहेर राहतात २४. यापेक्षा कमी धरून बिट जास्त बाहेर काढायचा मोह होतो. तो टाळा. अपुरं धरलेलं बिट कामाच्या मध्येच हळूहळू खाली सरकतं आणि नक्षी आपोआप खोल होत जाते. आधी कळतही नाही.

समजा नट वर असताना बेडपासून ८१ मिमीवर आहे आणि उभा प्रवास ४५, म्हणजे खाली असताना ३६ वर. बिट २४ बाहेर. तेव्हा बिटाचं टोक वर असताना ५७ वर, खाली असताना १२ वर. स्पॉइलबोर्डचा पृष्ठभागही १२ वरच आहे, म्हणजे आरपार कापायला टोक जेमतेम पोचतंय. वरच्या बाजूला ५७ मधून स्पॉइलबोर्डचे १२ आणि मोकळ्या हवेचे ५ गेले. उरले ४०. माझ्या यंत्रात लाकडाची कमाल जाडी ही एवढी.

आता यात एकेक गोष्ट बदलून बघा. खोल कोरायचं म्हणून लांब बिट आणलं, ते ३६ मिमी बाहेर येतंय. टोक वर असताना ४५ वर आलं, त्यातून १२ आणि ५ गेले की लाकूड फक्त २८ मिमी जाडीचं. बिट बारा मिलिमीटरने वाढलं, तेवढंच लाकूड कमी झालं. किंवा बिट मूळचंच ठेवलं, पण क्लॅम्पचं डोकं लाकडाच्या वर १२ मिमी उठलेलं आहे आणि बिट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात उडी मारताना त्यावरून जातंय. मग मोकळी हवा क्लॅम्पच्याही वर लागते आणि जाडी पुन्हा २८ वर येते. जाड लाकूड हवं असेल तर स्पॉइलबोर्ड पातळ करा, बाजूने धरा, आखूड बिट लावा. या तिन्हींत मिळून चांगली दीड-दोन सेंटिमीटर जागा निघते.

याच्या उलट अडचणही येते. आखूड, फक्त १६ मिमी बाहेर येणारं बिट लावलं तर ते खाली असताना टोक २० वर राहतं, म्हणजे स्पॉइलबोर्डच्या आठ मिलिमीटर वर. पाच मिमीच्या पातळ पट्टीपर्यंत ते पोचणारच नाही. पट्टीखाली एक सपाट फळी टाकून ती उचलून घ्यावी लागते. पातळ लाकडाला मर्यादा असते हे कुणी सांगत नाही, पण असते.

अजून एक माप विसरू नका. ३०१८ सारख्या यंत्रांत बेड पुढेमागे सरकतो आणि स्पिंडलचा आडवा दांडा जागेवर स्थिर असतो. त्या दांड्याखालून, आणि स्पिंडल धरणाऱ्या कड्याखालून, अख्खी फळी क्लॅम्पसकट गेली पाहिजे. कधीकधी बिट पोचतं, पण मागचा क्लॅम्प दांड्याला अडतो.

जाडी वेगळी, कोरायची खोली वेगळी

४० मिमीचं लाकूड यंत्रात बसलं म्हणजे ते ४० मिमी खोल कापता येईल असं नाही. बिट २४ बाहेर असेल तर २४ खोल गेल्यावर कोलेटचा नट लाकडाच्या वरच्या कडेवर घासायला लागतो. उभ्या भिंतीच्या खोल खड्ड्यात तर हे नक्की होतं, कारण नट बिटापेक्षा कितीतरी रुंद असतो. धूर निघतो, लाकडावर काळा पट्टा उमटतो. उताराच्या उठावदार नक्षीत थोडी सूट मिळते, भिंत तिरकी असल्यामुळे नट लांब राहतो.

जाड ठोकळ्यातून वस्तू सुटी करायची असेल तर अर्धी जाडी वरून, मग उलटवून अर्धी खालून. किंवा यंत्राने फक्त नक्षी कोरा आणि बाहेरची रेषा करवतीने काढा. मी बहुतेक वेळा दुसरंच करतो, उलटवून दोन बाजू जुळवण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

अक्षरं कोरणाऱ्यांसाठी व्ही-बिटचा हिशोब. ६० अंशाचं बिट जितकं खोल जातं त्याच्या १.१५ पट रुंद रेघ काढतं, ९० अंशाचं दुप्पट. १० मिमी जाड अक्षराच्या दांड्याला ६० अंशाने ८.७ मिमी खोली लागते, ९० अंशाने ५. तेव्हा १२ मिमीच्या पातळ पाटीवर ठसठशीत अक्षरं हवी असतील तर ९० चं बिट घ्या. शिवाय बिटाच्या व्यासाचीही मर्यादा आहेच. ६ मिमी व्यासाचं ६० अंशाचं बिट तिरक्या धारेने एका दमात ५.२ मिमीपर्यंतच कापतं, त्याखाली रुंदी वाढत नाही.

याच हिशोबाने फळी वाकडी असेल तर काय होतं तेही कळतं. फळीला एक मिलिमीटरचा बाक असेल तर एका टोकाची रेघ दुसऱ्या टोकापेक्षा ६० अंशाच्या बिटाने एक मिलिमीटरहून जास्त रुंद येते, ९० च्या बिटाने दोन मिलिमीटर. अक्षरं डावीकडे लठ्ठ आणि उजवीकडे रोड दिसतात. म्हणून फळीची जाडी चारही कोपऱ्यांत आणि मध्ये व्हर्नियरने मोजा. ‘१८ मिमी’ म्हणून मिळणारा प्लायवुड मोजल्यावर बरेचदा १८ भरत नाही, हेही तेव्हा दिसेल. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या वर असेल तर आधी रुंद बिटाने फळीचा पृष्ठभाग यंत्रावरच सपाट करून घ्या. त्यात जाणारी जाडी हिशोबात धरा.

फार लहान लाकूड

मोठ्या लाकडाची चिंता सगळे करतात. तुटलेली बिटं आणि उडालेले तुकडे मात्र जास्त करून लहान लाकडाचे असतात. तळहाताएवढा तुकडा क्लॅम्पमध्ये धरला तर कोरायला जागा उरत नाही, आणि सैल धरला तर बिट त्याला भिरकावून देतं. डोळ्यांवर चष्मा हवाच.

सोपा उपाय: लहान वस्तू लहान लाकडात कोरूच नका. मोठ्या फळीच्या मधोमध कोरा आणि शेवटी सुटी करा. सुटी करतानाही ती एकदम मोकळी होऊ देऊ नका. साधारण ५ मिमी रुंद आणि २-३ मिमी जाडीच्या तीन-चार जोडण्या ठेवा, त्या नंतर पटाशीने तोडून घासायच्या.

तुकडा लहानच असेल, एखाद्या जुन्या लाकडाचा उरलेला, तर मास्किंग टेपची युक्ती करा. तुकड्याच्या तळाला टेप, स्पॉइलबोर्डवर टेप, आणि दोन टेपांच्या पाठींच्या मध्ये सुपरग्लू. पकड आश्चर्य वाटावं इतकी घट्ट बसते आणि काम झाल्यावर टेप सोलून निघते. मात्र तुकड्याची उंची त्याच्या रुंदीपेक्षा जास्त असेल तर मी टेपवर भिस्त ठेवत नाही. उभा तुकडा बिटाच्या रेट्याने तळातून उपटला जातो.

लहानपणाला दुसरी मर्यादा बिटाची. ३.१७५ मिमीच्या बिटाने आतला कोपरा १.६ मिमी त्रिज्येपेक्षा टोकदार होत नाही. नक्षीतली फट बिटापेक्षा अरुंद असेल तर सॉफ्टवेअर ती गपचूप सोडून देतं. पडद्यावर फुलाच्या पाकळ्या वेगळ्या दिसतात, लाकडावर एकच गोळा उमटतो.

लांब लाकूड

दारावरची लांबलचक पाटी करायची आहे, आणि यंत्र एवढंसं. हे होतं. कोणत्या दिशेने होतं ते यंत्राच्या रचनेवर आहे. बेड सरकणाऱ्या यंत्रात फळी पुढून-मागून बाहेर डोकावू शकते, खांबांमुळे आडवी मात्र नाही. दांडाच सरकणाऱ्या यंत्रात बेड स्थिर असतो, तिथेही बहुतेक वेळा पुढचीमागची बाजू मोकळी असते, फक्त तिथली चौकटीची पट्टी बेडपेक्षा उंच नाही ना ते बघा.

स्थिर बेड असेल तर बाहेर आलेल्या फळीला टेबलाचा आधार द्यायला सोपं. सरकत्या बेडवर मात्र फळीही सरकते, लांब टोक खाली झुकतं, बेड तिरका होतो आणि खोली बदलते. तिथे त्याच उंचीचे गुळगुळीत आधार दोन्हीकडे लागतात. वजनाकडेही बघा. छोट्या मोटरला जड ठोकळा ओढायला लावून वेग तोच ठेवला तर ती टप्पे चुकवते, आणि या मोटरना आपण कुठे आहोत हे उलटून तपासायची सोय नसते. एकदा चुकली की शेवटपर्यंत चुकलेलीच राहते. माझी पहिली फळी अशीच बिघडली होती.

तुकड्या-तुकड्याने कोरायची रीत अशी. स्पॉइलबोर्डवर एक सरळ पट्टी पक्की बसवा आणि तिची फळीकडची कड यंत्रानेच एकदा तासून घ्या. हाताने कितीही गुण्याने लावली तरी ती प्रवासाला समांतर येत नाही, यंत्राने तासली की येतेच. मग लांब फळी त्या कडेला टेकवून, टाकाऊ भागात यंत्रानेच दोन भोकं पाडा, फळीतून थेट स्पॉइलबोर्डपर्यंत. माझ्या १७० च्या प्रवासात मी ती २० आणि १६० वर पाडतो. पहिला भाग कोरून झाला की फळी सरकवायची. फळीतलं १६० चं भोक स्पॉइलबोर्डच्या २० च्या भोकावर आणून त्यात घट्ट लाकडी खुंटी घालायची. फळी बरोब्बर १४० सरकली. पट्टी कोन सांभाळते, खुंटी अंतर सांभाळते. पुढच्या सरकवण्यासाठी १६० वर नवं भोक लगेच पाडून ठेवा. अशा तीन बैठकींत ४५० मिमी लांबी भरते.

दोन भागांचा सांधा अक्षराच्या अंगावरून नेऊ नका, दोन अक्षरांच्या मधल्या जागेत घ्या. अर्ध्या मिलिमीटरची चूक तिथे कुणाला दिसत नाही. अक्षरांवर सलग शिरोरेघ घेतली असेल तर ती प्रत्येक सांध्यातून जाणारच. ती रेघ नंतर एकाच हाताने पटाशीने साफ करायची तयारी ठेवा.

फळी तिरकी ठेवून कर्णाचा फायदा घ्यायचा विचार सगळ्यांना सुचतो. मलाही सुचला. ३०० बाय १८० चा कर्ण ३५० आहे हे खरं, पण पट्टीला रुंदी असते. ४० मिमी रुंदीची नक्षी तिरकी मांडली तर जेमतेम ३१६ मिमी लांब मावते, २० मिमीची ३३२. सोळा मिलिमीटरसाठी सगळे क्लॅम्प वाकडे लावायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.

रुंद फळी हवी असेल तर यंत्राच्या मापाच्या अरुंद पट्ट्या वेगवेगळ्या कोरून नंतर डिंकाने जोडणं हा जुना सुतारी मार्ग आहेच. त्यात आणखी एक फायदा आहे. अखंड रुंद फळी हवेतल्या ओलाव्याने वाकते, आलटूनपालटून जोडलेल्या पट्ट्या कमी वाकतात.

काही यंत्रांत बेडच नसतो. फळी रुळांमधून (इथे रूळ म्हणजे फिरणारे रोलर) रंध्याच्या यंत्रासारखी आतबाहेर सरकते आणि स्पिंडल फक्त आडवं फिरतं. त्यांत लांबी जवळपास मोकळी, रुंदी आणि जाडी पक्की. पण तिथे किमान लांबीही असते, कारण फळी एकाच वेळी दोन्हीकडच्या रुळांत धरलेली हवी. टोकाजवळ कोरताना एक रूळ सुटतो आणि फळी डुलते. म्हणून दोन्ही टोकांना लाकूड जादा ठेवतात किंवा तेवढ्याच जाडीचे तुकडे तात्पुरते चिकटवतात. फळीच्या दोन्ही कडा समांतर नसतील तर अशा यंत्रात काम सुरूच करू नका.

मोजलेलं यंत्राला सांगा

छोट्या यंत्रांत बहुधा जीआरबीएल नावाचं नियंत्रण असतं. त्यातल्या १३०, १३१ आणि १३२ क्रमांकाच्या सेटिंगमध्ये तिन्ही दिशांचा कमाल प्रवास लिहायचा असतो. तिथे आधीच भरलेले आकडे तुमच्या यंत्राचे असतीलच असं नाही. तुम्ही मोजलेले घाला. मग २० क्रमांकाची सेटिंग १ केली की नक्षी प्रवासाबाहेर जात असेल तर यंत्र आधीच थांबून ‘अलार्म २’ दाखवतं, खांबाला धडकत नाही. यासाठी यंत्राला आपलं मूळ स्थान माहीत हवं, म्हणजे लिमिट स्विच हवेत आणि २२ क्रमांकाची सेटिंगही चालू हवी. स्विच नसतील तर ही राखण मिळत नाही, सगळं तुमच्या डोळ्यांवर.

डिझाइनचा शून्यबिंदू कुठे आहे तेही बघा. फाइलमध्ये तो नक्षीच्या मध्यावर असेल आणि तुम्ही यंत्राला फळीच्या कोपऱ्यावर शून्य दिलंत, तर पाऊण नक्षी फळीबाहेर हवेत कोरली जाईल. माप बरोबर असूनही.

लाकूड बसलं, शून्य दिलं, की पहिली फेरी हवेत. बिट लाकडाच्या दहा मिलिमीटर वर, तिथेच तात्पुरतं उंचीचं शून्य, स्पिंडल बंद. उथळ नक्षी असेल तर अख्खी फाइल तशीच चालवा. खोल असेल तर फक्त बाहेरची चौकट फिरवा. एक हात आणीबाणीच्या बटणावर. क्लॅम्पशेजारून बिट कसं जातंय, मागचा क्लॅम्प दांड्याखालून जातोय का, वायर कुठे अडकतेय, हे सगळं यात दिसतं.

आणि वेळ. २०० बाय १५० मिमीच्या उठावदार नक्षीत शेवटचा बारीक हात ०.३ मिमीच्या अंतराने फिरवला तर ५०० फेऱ्या होतात, प्रत्येक २०० मिमीची, म्हणजे शंभर मीटरचा प्रवास. मिनिटाला १००० मिमी वेगाने शंभर मिनिटं. दोन्ही बाजू दुप्पट केल्या की तेच चौपट होऊन ६ तास ४० मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ यंत्राजवळून हलता येत नाही. मोठ्या फळीवर मी नक्षी मधल्या वर्तुळातच ठेवतो आणि भोवतालचा भाग रंध्याने साफ करतो.